खोलीचं तापमान

आवाज थांबलाय हे चारुलताला आधी कळलं नाही. आधी कळलं ते एवढंच, की दुपारच्या झोपेतून जाग आल्यावर आपला श्वास आपल्याला ऐकू येतोय. गेले चार दिवस तो ऐकू येत नव्हता. बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, दोन चपट्या डब्यांवर उंच करून ठेवलेला लॅपटॉप रात्रंदिवस घुमत होता. त्याच्या आतल्या दोन बारीक पंख्यांचा तो सलग, शिट्टी होता होता राहिलेला आवाज घरात इतका मुरला होता की भाजी चिरताना, दात घासताना, फोनवर बोलताना तो कानामागे कुठेतरी असायचाच. सोजरबाई, तिच्या सासूबाई, त्याला भुंगा म्हणत. आता कुलरची घरघर होती, छतावरचा पंखा फिरत होता, आणि भुंगा नव्हता. म्हणजे वीज होती. वीज असताना तो थांबला, म्हणजे आत काहीतरी थांबलं. उठायच्या आधी तिनं पडल्या पडल्याच कारणं लावली, शक्यतेच्या उतरत्या क्रमानं. फार तापून तो आपणहून बंद पडला असेल. किंवा गणितच कुठेतरी फुटलं असेल, एखाद्या चौकोनातली पाण्याची पातळी भलतीकडे धावत सुटली असेल. नाहीतर मिक्सरसाठी कोणीतरी प्लग काढला असेल. प्रत्येक कारणावर काय करायचं तेही तिनं ठरवलं आणि मग बाहेर आली. टेबलावर दोन डबे होते आणि त्यांच्यामध्ये धूळ नसलेला एक रिकामा आयत. चार्जरही नव्हता. हे कारण तिनं धरलंच नव्हतं.

"निलेश घेऊन गेला ना," सोजरबाई म्हणाल्या. त्या दाराशी सावलीत बसून चिंचा फोडत होत्या. "तू झोपेल होती. मी म्हनलं, उठव तिले. तर म्हने नको, झोपू दे, सरप्राईज आहे."

"कुठे नेला?"

"थंड्यात. आपल्या केळाच्या चेंबरमधी. भुंग्यालेबी गार वाटीन."

"आई, तिथे पाणी असतं."

"पानी कुठं असते वं? धुकं राहते नुसतं."

स्कूटरची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नव्हती, फ्रिजवर होती. ती तिथे कोणी ठेवली हा प्रश्न मनात उगवला आणि तिनं तो तिथेच दाबला. बाहेर स्कूटरचं सीट इतकं तापलं होतं की ओढणी दुहेरी करून तिला त्यावर घालावी लागली. केळी पिकवायच्या खोलीत हवा सोळा-सतरा अंशांवर ठेवतात आणि दमट ठेवतात. साल सुकू नये, घडाचं वजन जाऊ नये म्हणून भिंतीवरच्या नळीतून फॉगर सतत धुकं सोडत राहतो. हे या घरात लहान मुलालाही माहीत होतं. आणि लॅपटॉपचा पंखा समोर जी हवा असेल ती आत ओढतो, हे तिला माहीत होतं. दोन गोष्टी बारा वर्षं एकाच टेबलावर जेवत होत्या आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. सोमवारी सकाळी उत्तर पुण्याला पोचायला हवं होतं. आज शनिवार. सकाळी चहा पिता पिता तिनं उरलेल्या कामाला चालू वेगानं भागलं होतं, तेव्हा बुधवार निघाला होता. तिनं पुन्हा भागलं, पुन्हा बुधवारच निघाला. ती म्हणाली होती, कोणाला उद्देशून नाही, कपाकडे बघत, "ही खोली वीस अंशांवर असती तर उद्याच झालं असतं." तिचा नवरा निलेश समोर बसून टोस्ट बुडवत होता. त्यानं ते ऐकलं होतं. तो नेहमी ऐकायचा, हीच तर अडचण होती. न ऐकणाऱ्या माणसावर रागावता येतं.

रजनी मॅडमचा फोन फेब्रुवारीत आला होता. बारा वर्षांपूर्वी चारुलता त्यांच्या हाताखाली तापीच्या खोऱ्यातल्या जमिनीखालच्या पाण्यावर काम करत होती. सातपुड्यापासून नदीपर्यंत गाळाच्या थरांतून पाणी किती खोल, किती वेगानं सरकतं, याचं गणित. मग लग्न ठरलं. काम सोडायला कोणी लावलं नव्हतं. ते चालू ठेवणार का, असंही कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही तो विषय काढला नव्हता. बुऱ्हाणपूरला आल्यावर ती एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागली. पण खकनारकडच्या विहिरींची पातळी तिनं मोजत ठेवली, कधी शाळेतल्या मुलांकडून, कधी निलेशच्या पिकअपमधून स्वतः जाऊन, दोरीला वजन बांधून. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. निलेश म्हणायचा, चारूला दुसऱ्याच्या विहिरीत डोकवायची सवय आहे. फेब्रुवारीत मॅडम म्हणाल्या, एक जागा आहे, तीन वर्षांची, घरून काम चालेल, महिन्यातून एकदा पुण्याला यायचं. आणखी एक जण आहे, तरुण, हुशार, त्याचं काम तयार आहे. तू तुझं मॉडेल पूर्ण खोऱ्यावर एकदा चालवून दाखव. चारुलता बारा वर्षांबद्दल काहीतरी सांगू लागली तेव्हा मॅडमनी तिला मध्येच थांबवलं. "मला कारण नकोय गं. आकडे हवेत." संस्थेच्या मोठ्या संगणकाला रांग होती, आणि रांगेत नाव लावायला आधी संस्थेत नाव असावं लागतं. म्हणून लॅपटॉप. साधा नाही, असा की जो चार-पाच दिवस अखंड पूर्ण जोरानं चालेल. शिकवणीचे पैसे तिच्याकडे होते, पण एकदाच पुरतील इतके. चूक करायला वाव नव्हता, आणि चूक न करणं ही एकच गोष्ट आपल्याला नीट येते असं तिला तोवर वाटत होतं.

बाजारात त्या वेळी असे दोनच प्रोसेसर होते. मनात ती त्यांना अ आणि ब म्हणायची, कारण त्यांची खरी नावं आकडे आणि अक्षरांची अशी माळ होती की उच्चारताना जीभ अडायची. अ मध्ये चोवीस कोअर होते, म्हणजे एकाच चकतीवर चोवीस कारकून, आणि त्याचा सर्वोच्च वेग डोळे दिपवणारा. ब मध्ये सोळाच, वेगही कमी, पण तो वीज जपून खायचा. ब महाग होता. जिकडे तिकडे अ च पुढे. मोबाईलवर पोरं तुलनेचे व्हिडिओ टाकायची, मागे जांभळा उजेड, समोर रंगीत पट्ट्या, आणि अ ची पट्टी सरसर वाढत ब च्या पुढे निघून जायची. भाई लोगों, ये तो राक्षस है. तिनं असे किती पाहिले. प्रत्येक वेळी ती शेवटपर्यंत थांबायची आणि तिला हवी असलेली गोष्ट सापडायची नाही. खोली किती अंशांवर होती? कोणी सांगत नव्हतं. एकानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, बावीस. पुण्याच्या प्रयोगशाळेत सगळे वहीत वर उजव्या कोपऱ्यात 'खोलीचं तापमान : पंचवीस' असं लिहायचे. भिंतीवर तापमापक होता. त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. मेमध्ये, एसी बंद पडलेल्या दिवशीही पंचवीसच. एकदा तिनं जाऊन बघून एकतीस लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी तिथे लाल गोल केला होता. या सगळ्या यंत्रांची, सगळ्या निकालांची, कदाचित सगळ्या माणसांचीही परीक्षा कुठल्यातरी बावीस किंवा पंचवीस अंशांच्या खोलीत होत होती, आणि मग ती चव्वेचाळीस अंशांच्या गावात पाठवली जात होती, गुणपत्रिकेसकट. हा विचार आला की तिच्या कपाळात उजव्या बाजूला काहीतरी आवळायचं.

म्हणून एप्रिलमध्ये ती अनंतभाऊंच्या दुकानात गेली. अनंतभाऊंची मुलगी तिच्या वर्गात होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं अवघड होतं. दुकानात दोन्ही लॅपटॉप दाखवायला ठेवलेले होते. तिनं पेनड्राइव्हवरून आपल्या गणिताचा एक छोटा तुकडा दोन्हींवर चालवला. अ ला अकरा मिनिटं लागली, ब ला चौदा. अनंतभाऊ खूश झाले. मग ती म्हणाली, "आता एसी बंद करा."

"काय बंद?"

"एसी. अर्ध्या तासासाठी."

"मॅडम, बाहेर बेचाळीस आहे."

"हो, म्हणूनच."

"माझ्या दुकानात लोकं मोबाईल बघायला येतात की एसी खायला, हे मलाच अजून कळलेलं नाही. बंद केला तर तुम्ही, मी अन् हे दोन डबे."

"तेवढेच पुरेत."

त्यांनी बंद केला. दोन गिऱ्हाइकं दहा मिनिटांत उठून गेली. अनंतभाऊ प्रिंटरच्या खोक्याचं झाकण फाडून वारा घेत बसले. "एक बोलू का मॅडम? लग्नासाठी पोरगी बघताना पण इतकं नाही बघत लोकं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दुकान चाळीसच्या वर गेल्यावर तिनं तोच तुकडा पुन्हा चालवला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी अ ला एकोणीस मिनिटं लागली. ब ला पंधरा. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःच आपला वेग कमी करतो, जळू नये म्हणून. हुशार असतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो चालूच दिसतो. स्क्रीनवर काही येत नाही, दिवा लागत नाही, तक्रार नाही. फक्त काम कमी होतं. चारुलतानं याची तुलना कशाशीही केली नाही. करायची नाही असं ठरवून केली नाही. उपमा हा आळशी माणसांचा पुरावा, असं रजनी मॅडम म्हणायच्या. तिनं घरी येऊन तक्ता केला. पहिल्या रकान्यात एसीतला वेळ, दुसऱ्यात उन्हातला, तिसऱ्यात किमतीला भागून आलेलं मोल. तिसऱ्या रकान्यात ब सरळ पुढे होता, महाग असूनही. तिनं तक्ता निलेशला फोनवर पाठवला. निलेशनं अंगठा पाठवला. अनंतभाऊंकडे विकायला ब नव्हता, दाखवायचा तेवढाच. इंदूरहून आठ दिवसांनी येणार होता. ती थांबायला तयार होती. बारा वर्षांत आठ दिवस म्हणजे मोजमापातल्या चुकीएवढे.

मध्ये गुरुपुष्य आला. गावात त्या दिवशी सोन्याच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. ज्याला सोनं झेपत नाही तो स्टीलचा डबा घेतो, पण काहीतरी घेतोच. पुष्य नक्षत्रावर आणलेली वस्तू घरात टिकते, वाढते. निलेश संध्याकाळी खोकं घेऊन आला, लाल धागा बांधलेलं. "अनंतला सरळ विचारलं, चारूच्या तक्त्यात एक नंबर कोण? त्यानं फोनमध्ये बघून सांगितलं. तोच आणला." पहिला रकाना. त्यांनी दोघांनी मिळून फक्त पहिला रकाना वाचला होता, जिथे अ पुढे होता. आणि पहिल्या रकान्यात एसीतला वेळ होता, कारण तो प्रयोग आधी केला होता म्हणून तिनं तो आधी लिहिला होता. इतकी साधी गोष्ट. महत्त्वाचं आधी लिहावं, घडलं त्या क्रमानं लिहू नये, हे ती दरवर्षी दहावीच्या मुलांना सांगायची. सोजरबाईंनी झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली. हळदीचा कण बाजूच्या जाळीत गेला आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर गरम हळदीचा वास आला. निलेशचा चेहरा असा होता की त्याच्याकडे बघून काही बोलणं शक्य नव्हतं. "तुझ्या पैशाला हात नाही लावला," तो म्हणाला. "माझ्याकडून." पूजा झालेली वस्तू परत करत नाहीत. तिनं ती परत करायचं सुचवलंही नाही. तिनं फक्त रात्री, सगळे झोपल्यावर, तक्त्यातला तिसरा रकाना पुसून टाकला, कारण तो आता कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

मग हे चार दिवस. बेडरूमचा एसी अक्षय तृतीयेच्या आधीच बंद पडला होता, आणि मेकॅनिक म्हणत होता, वहिनी, सीझनमध्ये मी माझ्या घरचा पण नाही करत. तिनं लॅपटॉपखाली पंखे असलेली पाटी घेतली, टेबलफॅन लावला, ओला पडदा लावला आणि दमटपणाच्या भीतीनं काढला. सकाळी पाचला अ धावायचा, खरोखर राक्षसासारखा, आणि ती उठून त्याच्यासमोर नुसती बसून राहायची. अकरानंतर तो मंदावत जायचा. दुपारी तो शाळेच्या जुन्या संगणकाइतका चालायचा आणि आवाज मात्र सर्वांत जास्त करायचा. तिला त्या आवाजाचा राग यायचा. काम कमी आणि धापा जास्त. एकदा दुपारी तिनं त्याच्यावर हात ठेवला तर तळवा भाजला, आणि तिनं हात लगेच काढला नाही.

लालबागच्या रस्त्याला लागल्यावर उन्हानं डांबर चमकत होतं. चेंबरच्या पत्र्याच्या शेडसमोर केळीच्या क्रेट भरलेला ट्रक उभा होता. कडू, गेली कित्येक वर्षं निलेशकडे खोल्यांचं काम बघणारा, सावलीत तंबाखू मळत होता. तिला बघून उठला. "या वहिनी. तुमचं मशीन एकदम मस्त चालू आहे. भाऊनं गाडी चालवली, म्या मांडीवर धरलं. झाकण लावू नको म्हने, झाकण लावलं का झोपते ते."

हे तिनं निलेशला एकदाच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, सहज. त्यानं ते लक्षात ठेवलं होतं. या गोष्टीचं काय करावं तिला कळेना. "कुठली खोली?"

"चार नंबर. बाकी सगळ्या पॅक आहेत."

जाड दार सरकवून ती आत गेली आणि थंडी अंगावर आली, आधी डोळ्यांवर, मग मानेवर, मग घामानं ओल्या झालेल्या पाठीवर. अर्धवट पिकलेल्या केळ्यांचा वास. हिरवट, तुरट, आणि त्याच्याखाली कुठेतरी गोडीची सुरुवात. छतापर्यंत क्रेटी. भिंतीवरच्या नळीच्या तोटीतून धुकं पांढरं निघत होतं आणि खाली येईपर्यंत दिसेनासं होत होतं. कोपऱ्यात दोन क्रेट पालथ्या घालून त्यावर लॅपटॉप, वर काठ्यांना बांधलेली, घडांवर घालायची निळी प्लास्टिकची पन्नी, छोट्या तंबूसारखी. तंबूच्या तिन्ही बाजू उघड्या होत्या. आवाज नव्हता. म्हणजे होता, पण अगदी हलका, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. ती खाली वाकली. स्क्रीनवर पाण्याचे बारीक थेंब होते, आणि प्रत्येक थेंबाखाली अक्षर फुटून त्याचे तांबडे, हिरवे, निळे ठिपके सुटे सुटे दिसत होते. तिनं ओढणीनं पुसलं. चोवीसच्या चोवीस कोअर पूर्ण वेगानं चालत होते. चार दिवसांत हा आकडा तिनं एकदाही पाहिला नव्हता. उरलेला वेळ : उद्या रात्री. ती तो आकडा वाचत राहिली आणि छातीत काहीतरी मोकळं झालं, इतकं मोकळं की दुखलं, आणि त्याच वेळी तिला दिसलं, की बाजूच्या जाळीपाशी धुक्याची एक बारीक वात वळून आत जातेय. आत, जिथे हळदीचा कण गेला होता तिथे. पन्नीवरून एक थेंब सरकत कडेला आला होता. उद्या रात्रीपर्यंत हे टिकणार नाही. कदाचित आज रात्रीपर्यंतही नाही. आणि घरी नेलं तर टिकेल, आणि बुधवारी उत्तर येईल, जेव्हा त्याचा कोणाला उपयोग नसेल. निलेश चुकून बरोबर होता. तिच्या सगळ्या तक्त्यांनंतर, न विचारता, न मोजता, ओल्या धुक्यात यंत्र आणून ठेवणारा माणूस वेगाबद्दल बरोबर होता, आणि पाण्याबद्दल चूक. आणि दोन्हींतलं त्याला काहीच माहीत नव्हतं. तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढून तासातासाला साठलेल्या फायली उतरवून घेतल्या.

"बघितलंस?" निलेश दारात होता, खिशाला पेन, कपाळावर घामाच्या रेघा. "पळतंय की नाही? घरी नुसता रडत होता बिचारा. इथे जनरेटर पण आहे, लाईट गेली तरी टेन्शन नाही."

"निलेश, फॉगर बंद कर."

"हा?"

"हे पाणी आत जातंय. हा पंखा ते ओढतोय. बंद कर, उद्या रात्रीपर्यंत."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "पन्नी लावली ना मी."

"पन्नीनं वरचं पाणी थांबतं. हवेतलं नाही."

"मग पूर्ण गुंडाळू?"

"मग तो गुदमरेल."

"चारू, अगं तिसऱ्या दिवसाचा माल आहे. उद्या रात्री भरायचाय. अक्षयभाईचा आहे इंदूरचा. फॉगर बंद केला तर साल सुकते, काळी टोकं येतात, वजन जातं."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती टक्के जातं?"

"ते कोणी मोजलंय? दोन. तीन. पण चमक जाते ना. चमक कशी मोजणार?"

"वीस वर्षं हा धंदा करतोस आणि कोणी मोजलं नाही?"

"तू आली नव्हतीस ना मोजायला," तो म्हणाला, आणि हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. कडू दारामागून डोकावत होता. "वहिनी, आत जास्त वेळ बसू नका, डोकं धरते," तो म्हणाला. निलेशनं मान खाजवली. "दुसऱ्या खोलीत टाकलं असतं, पण सगळीकडे धुकं आहेच. ऑफिसात कुलर आहे. अनंतचं दुकान उद्या बंद." तो खरोखर विचार करत होता, तिला ते दिसत होतं. मग त्यानं दोन्ही हात सोडले. "तू सांग. तू म्हणशील तसं करू."

हे वाक्य ती बारा वर्षं ऐकत होती. पडदा कोणता, कुठल्या शाळेत अर्ज करायचा, लॅपटॉप कोणता. तू म्हणशील तसं. आणि मग ती काय म्हणते ते पहिल्या रकान्यापर्यंत ऐकलं जायचं. ती म्हणेल, आणि तो हो म्हणेल, आणि करेल काहीतरी तिसरंच, प्रेमानं. त्यात कुठेही दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर बोट ठेवायला जागा मिळाली असती. एका बाजूला अख्ख्या खोलीभर माल, ज्यावर हे घर चालतं, तिची शाळा नाही, शिकवणी नाही, हे. दुसऱ्या बाजूला दोन क्रेटींवर ठेवलेलं एक गणित, ज्याचं उत्तर काय येईल, मॅडमना पटेल का, तो तरुण हुशार मुलगा पुढे जाईल का, कशाचीच खात्री नाही. कुठल्याही प्रामाणिक तक्त्यात तिची बाजू हरत होती. तिनं मनात तो तक्ता करून पाहिला, सवयीनं, आणि अर्ध्यावर सोडून दिला. नळीची चावी दाराशेजारी होती, पिवळी, पाण्याच्या नळासारखीच. ती निलेशच्या बाजूनं गेली, चावी धरली. ती घट्ट होती. तिनं दोन्ही हातांनी फिरवली. तोट्यांतून एक उसासा निघाला, थोडे थेंब गळले, आणि धुकं थांबलं. खोली एकदम स्वच्छ दिसायला लागली, प्रत्येक घड वेगळा.

निलेशनं एका घडावरून अंगठा फिरवला. मग फोन काढून दारापाशी गेला. ती परत यंत्रापाशी येऊन बसली, पालथ्या क्रेटवर, आणि पन्नी सोडायला लागली. त्याचा आवाज पाठीमागून येत होता, धंद्याचा आवाज, घरातल्यापेक्षा एक पट्टी वर. "हां अक्षयभाई, नमस्ते. सुनो, एक छोटी सी बात. चार नंबर का फॉगर थोडा गड़बड़ कर रहा है... नहीं नहीं, माल बढ़िया है. शायद टिप थोड़ी काली लगे... अरे क्या बताऊं, अपने आप बंद पड़ गया. मशीन है, क्या करें."

अपने आप. तिचे हात गाठीवर थांबले. या एका शब्दापर्यंत सगळं ठीक होतं. तिनं मागितलं होतं, त्यानं अडवलं नव्हतं, तो तिच्यासाठी खोटं बोलत होता आणि नुकसान अंगावर घेत होता. दुसरी बाई असती तर तिला भरून आलं असतं. तिला दिसलं ते असं की परवा इंदूरला काळ्या टोकांची केळी पोचतील, आणि त्यांचं कारण म्हणून एक बिघडलेलं यंत्र नोंदलं जाईल, आणि ती कुठेच नसेल. काम पूर्ण झालं तरी ते होऊ शकण्यामागे कोणी काही केलं होतं, कोणी काही बंद केलं होतं, याची खूण राहणार नाही. सगळं आपोआप झालेलं असेल. पंचवीस अंशांवर.

"अपने आप नहीं," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण खोलीच्या भिंती पत्र्याच्या होत्या आणि आवाज जसाच्या तसा दारापर्यंत गेला. "मैंने बंद किया है. मेरा काम चालू है इधर."

फोनमधून काहीतरी विचारलं गेलं. निलेशनं तिच्याकडे पाहिलं. पलीकडे ट्रकवर कोणीतरी क्रेट आपटली. "घर से हैं," तो फोनमध्ये म्हणाला, थांबला, जीभ ओठांवरून फिरवली. "मिसेस हैं मेरी. उनका कंप्यूटर का काम है. पानी का हिसाब करती हैं, जमीन के नीचे के. हां... हां भाई, उन्होंने ही बंद किया है." मग तो बराच वेळ ऐकत राहिला, आणि त्याचे कान लाल होत गेले.

तो उंबऱ्यावर उभा होता, एक पाय आत, एक बाहेर, फोन कानाला. त्याच्यामागून दुपार आत येत होती. तिला ती घोट्यांवर जाणवली. स्क्रीनवर वेग अजून पूर्ण होता, पण प्रोसेसरचा आकडा दोन अंशांनी चढला होता, मग आणखी एकानं.

"निलेश," ती म्हणाली, आकड्यावरून डोळे न काढता. "आत ये, नाहीतर बाहेर थांब. पण दार लाव."